विरजणातला जिवाणू आणि आतड्याची जखम: घेंट-अ‍ॅमस्टरडॅमचे एक प्रकरण

हे प्रकरण मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर मुद्दाम मांडतो. जनुक बदललेला जिवंत जिवाणू आतड्याच्या आजारावर औषध म्हणून माणसाला पहिल्यांदा देण्यात आला, तो या प्रकरणात. संशोधकांची नावे शोधनिबंधांवर छापलेली आहेत, पण इथे ती घेत नाही. आपल्याला पाहायचे आहेत ते निर्णय: कोणता निर्णय कधी घेतला, तेव्हा हाताशी काय होते आणि पुढे त्याचे काय झाले. रुग्ण तर मूळ नोंदीतही निनावीच आहेत.

पार्श्वभूमी

मोठ्या आतड्याच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. एका बाजूला अब्जावधी जंतू, दुसऱ्या बाजूला रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी, आणि मधे जेमतेम एका पेशीची जाडी. हा थर साधारण तीन ते पाच दिवसांत नव्याने घडतो. त्यावर श्लेष्म्याचा लेप असतो. मोठ्या आतड्यात या लेपाचा आतला पदर इतका दाट असतो की निरोगी माणसात जंतू सहसा पेशींपर्यंत पोहोचतच नाहीत.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या दोन आजारांत ही रचना ढासळते. लेप विरळ होतो, अस्तराला व्रण पडतात, जंतू आत शिरतात, प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या धुमश्चक्रीत अस्तर आणखी फाटते. रुग्णाच्या वाट्याला येतात ते रक्तमिश्रित जुलाब, पोटात मुरडा, अशक्तपणा आणि दिवसातून कितीतरी वेळा शौचाला धावणे. आजार तरुण वयात सुरू होतो आणि सहसा आयुष्यभर सोबत राहतो.

अशा अस्तराला सावरायचे तर दोन वेगळी कामे करावी लागतात, आणि या प्रकरणाची गाठ तिथेच आहे. पहिले काम जळजळ शमवण्याचे. ते शरीरात इंटरल्यूकिन-१० नावाचे प्रथिन करते. १९९३ मध्ये या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा त्यांना आपोआप आतड्याचा दाह झाला. दुसरे काम जखम झाकण्याचे. व्रणाच्या कडेच्या पेशी चपट्या होतात, सरकत सरकत उघड्या जागेवर येतात आणि काही तासांत तात्पुरते छप्पर घालतात. पेशींचे विभाजन त्यानंतर सुरू होते. हे सरकणे ट्रेफॉइल नावाची छोटी, चिवट प्रथिने सुकर करतात. आतड्यातले ट्रेफॉइल-३ श्लेष्मा बनवणाऱ्या पेशींतूनच पाझरते. १९९६ मध्ये ट्रेफॉइल-३ नसलेले उंदीर तयार झाले. एरवी ते ठीक दिसत, पण आतड्याला इजा झाली की अस्तर भरून येईना आणि ते दगावत.

अडचण

इंटरल्यूकिन-१० सुईने देऊन पाहून झाले होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि २००० च्या सुमारास क्रोन्सच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या. फायदा फारसा दिसला नाही. हे प्रथिन रक्तात फार टिकत नाही, आणि आतड्याच्या भिंतीत पुरेसे पोहोचावे म्हणून मात्रा वाढवली की ताप, डोकेदुखी, रक्तक्षय असा त्रास सुरू होतो. जास्त मात्रेत तर दाह वाढवणारा इंटरफेरॉन-गॅमाच वाढल्याचे दिसले. तोंडाने द्यावे, तर प्रथिन जठरातच पचून जाते.

बेल्जियममधल्या घेंट इथल्या गटाने यावर वेगळा विचार केला. औषध बाहेर बनवून आतड्यापर्यंत न्यायचे कशाला? बनवणाऱ्यालाच तिथे पाठवू. त्यांनी लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा जिवाणू निवडला. चीज आणि ताकाच्या उद्योगात तो पिढ्यान् पिढ्या वापरात आहे, आपल्या घरच्या विरजणातही त्याचे भाईबंद असतात. तो रोग करत नाही आणि माणसाच्या आतड्यात कायमचा मुक्कामही करत नाही. गिळल्यावर काही दिवसांत बाहेर पडतो. डॉक्टरच्या दृष्टीने हा मोठाच गुण, कारण औषध थांबवले की ते खरोखर थांबते.

२००० मध्ये त्यांचे उंदरांवरचे काम सायन्स या नियतकालिकात आले. रसायन पाजून दीर्घकालीन कोलायटिस केलेल्या उंदरांना इंटरल्यूकिन-१० स्रवणारा जिवाणू रोज दिला, तेव्हा दाह निम्म्याने उतरला. इंटरल्यूकिन-१० नसलेल्या उंदरांत तर आजार लागण्याआधीच थोपवता आला. अतिनील किरणांनी मारलेल्या जिवाणूंचा तसा उपयोग झाला नाही, म्हणजे आतड्यात पोहोचल्यावर प्रथिन तयार होणेच कामी येत होते. सुईने जितके द्यावे लागे त्याच्या अगदी अल्प प्रमाणात हा परिणाम मिळाला.

माणसाला द्यायची वेळ आली तेव्हा मात्र एक प्रश्न आडवा उभा राहिला. माणसाचे दाहशामक जनुक पोटात घेतलेला जिवाणू शौचावाटे गटारात, तिथून नदीत आणि शेतात जाणार. तिथे तो तगला तर? त्याने ते जनुक दुसऱ्या जंतूला दिले तर? उंदरांवरच्या प्रयोगात जनुक प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या आणि एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर होते, आणि त्याच प्लास्मिडवर अँटिबायोटिकला दाद न देण्याचे जनुकही होते. बदललेले जिवाणू वेगळे निवडायला प्रयोगशाळेत अशी खूण सोयीची असते, पण ती घेऊन माणसांवर जाणे शक्यच नव्हते.

पर्याय: जिवाणूला आवर कसा घालायचा

एक वाट आत्मघाताची होती. जिवाणूत विषाचे जनुक बसवायचे आणि शरीराबाहेर पडताच ते चालू होईल अशी कळ ठेवायची. ऐकायला हे चोख वाटते. पण ज्या जिवाणूत ती कळ एका उत्परिवर्तनाने मोडते तोच जगतो आणि वाढतो. म्हणजे निसर्गाची निवड थेट आपल्या बंदोबस्ताच्या विरोधात काम करू लागते.

दुसरी वाट उपासमारीची, आणि गटाने तीच धरली. डीएनए बनवायला थायमिडीन लागते. ते बनवण्यासाठी जिवाणूकडे थायए नावाचे जनुक असते. ते काढून टाकले की जिवाणू थायमिडीनसाठी बाहेरच्या पुरवठ्यावर अवलंबून राहतो. तो पुरवठा तुटला की नुसता वाढायचा थांबत नाही, तर झपाट्याने मरतो. जिवाणूंचे असे थायमिनवाचून (थायमिन हा थायमिडीनचाच घटक) मरणे १९५० च्या दशकापासून माहीत होते.

मला सर्वांत सुंदर वाटते ते पुढचे पाऊल. त्यांनी थायए नुसते काढले नाही, तर गुणसूत्रावर नेमक्या त्याच जागी इंटरल्यूकिन-१० चे जनुक बसवले. समजा या जिवाणूला वाटेत एखादा साधा लॅक्टोकॉकस भेटला आणि त्याच्याकडून थायए परत मिळाले. मिळेल, पण ते गुणसूत्रात बसेल ते शेजारच्या जुळणाऱ्या डीएनए-तुकड्यांच्या मधल्या मूळ जागीच, आणि बसताना इंटरल्यूकिन-१० ला बाहेर काढेल. जगण्याची ताकद परत आली की माणसाचे जनुक गेलेच. दोन्ही एकत्र राहण्याची सोपी वाट उरत नाही. प्लास्मिड नाही, अँटिबायोटिकची खूण नाही. २००३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि डुकरांतही हा बंदोबस्त तपासून झाला. जनुक-बदललेल्या जिवाणूंच्या सुरक्षिततेवर पुढे जे लिहिले गेले त्यात या रचनेचा उल्लेख सतत येतो, आणि तो रास्तच आहे.

पर्याय: कोणते प्रथिन

हा दुसरा फाटा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. त्याची चर्चा मात्र कमी होते.

त्याच परिसरातल्या संशोधकांनी २००४ मध्ये ट्रेफॉइल स्रवणारा लॅक्टोकॉकस तयार केला. उंदरांना तीव्र कोलायटिस करून तो जिवाणू पोटातून दिला, तेव्हा इजा कमी झाली आणि झालेली भरून येण्यासही मदत झाली. शुद्ध ट्रेफॉइल तोंडाने दिले तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही, कारण ही प्रथिने वाटेतल्या श्लेष्म्यालाच चिकटतात आणि मोठ्या आतड्यापर्यंत पुरेशी उरत नाहीत. जिवाणू मात्र चालत्या कारखान्यासारखा पुढे जातो आणि माल तिथेच उतरवतो.

म्हणजे २००४ च्या सुमारास हाताशी एकच वाहक आणि दोन माल होते: एक दाह शमवणारा, दुसरा अस्तर झाकणारा. माणसाच्या आतड्यासाठी निवडला गेला पहिला. तेव्हाच्या माहितीवर ही निवड समजण्यासारखी आहे. इंटरल्यूकिन-१० चा पुरावा जुना आणि भक्कम होता, क्रोन्सकडे प्रतिकारशक्तीचा बिघाड म्हणून पाहिले जात होते आणि बंदोबस्ताची रचनाही त्याच जनुकाभोवती उभी राहिली होती.

काय केले

अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयात क्रोन्सच्या १० रुग्णांना हा जिवाणू कॅप्सूलमधून सुमारे आठवडाभर देण्यात आला. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ही पहिल्या टप्प्याची चाचणी होती, म्हणजे मुख्य सवाल सुरक्षिततेचा. तुलनेसाठी प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली बतावणीची कॅप्सूल घेणारा गट नव्हता. काय दिले जात आहे हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांना ठाऊक होते.

बंदोबस्त चालतो की नाही याचा पुरावा शौचाच्या नमुन्यांतून आला. त्यातून जे जिवंत जिवाणू वेगळे काढता आले ते वाढीसाठी आणि इंटरल्यूकिन-१० बनवण्यासाठीही थायमिडीनवरच अवलंबून राहिले. थाळ्यांच्या भाषेत सांगायचे तर थायमिडीन घातलेल्या माध्यमावर वसाहती उगवतात आणि न घातलेले माध्यम कोरेच राहते. म्हणजे माणसाच्या आतड्यातून, तिथल्या इतर जंतूंच्या गर्दीतून जाऊन बाहेर पडल्यावरही हे जिवाणू परावलंबीच होते. दुष्परिणाम किरकोळ होते. आणि रुग्णांच्या आजाराची तीव्रता त्या काळात घटल्याचेही दिसले.

हे शेवटचे वाक्य पुढे फार वजनदार ठरले.

त्याच वर्षी घेंटमध्ये या कामावर एक कंपनी उभी राहिली. क्रोन्सऐवजी आता अल्सरेटिव्ह कोलायटिस घेतले, आणि प्लासिबोशी तुलना करणारी दुसऱ्या टप्प्याची चाचणी केली. कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता असतो आणि गुदाशयापासून सलग वर पसरतो, त्यामुळे दुर्बिणीने अस्तर पाहून औषधाचा परिणाम जोखणे सोपे जाते. क्रोन्सचे ठिगळाठिगळाने पसरलेले व्रण तसे जोखणे अवघड. इथवर विचार बरोबरच होता.

निष्पत्ती

दशक संपता संपता निकाल आला. जिवाणू सुरक्षित होता, रुग्णांना तो सोसला आणि बंदोबस्तही टिकला. पण अस्तर भरून येण्यात प्लासिबोच्या तुलनेत ठोस फरक आढळला नाही. आतड्यासाठीचा इंटरल्यूकिन-१० जिवाणू तिथेच थांबला.

१० रुग्णांत दिसलेली घट मग कुठे गेली? ती बहुधा औषधाची नव्हतीच. आतड्याच्या दाहाच्या चाचण्यांत प्लासिबोनेही पुष्कळांना बरे वाटते. आजार मुळात चढउताराचा आहे, आणि माणूस चाचणीत येतो तो बहुतेक वेळा आजार चढलेला असतानाच. पुढचे काही दिवस उताराचे निघण्याची शक्यता आधीच जास्त असते. तुलनेचा गट नसेल तर यातले काय औषधाचे आणि काय आजाराचे, हे कुणालाच सांगता येत नाही.

ट्रेफॉइलचे काय झाले, ते विचार करायला लावणारे आहे. ट्रेफॉइल-१ स्रवणारा लॅक्टोकॉकस तोंड धुण्याच्या द्रावणात घालून कर्करोगाच्या रुग्णांना देण्यात आला. केमोथेरपीने तोंडाचे अस्तर सोलवटते, तिथे व्रण पडतात, घास गिळणे असह्य होते, आणि या त्रासावर चांगले उपाय फार थोडे आहेत. छोट्या चाचणीचा निकाल २०१३ मध्ये आला. व्रण असलेल्या दिवसांचे प्रमाण प्लासिबोच्या तुलनेत ३५ टक्क्यांनी कमी दिसले. पुढच्या मोठ्या चाचणीत मात्र हा फरक सिद्ध झाला नाही.

२०१५ मध्ये ती कंपनी एका अमेरिकी कंपनीने विकत घेतली. तोच वाहक पुढे टाइप-१ मधुमेहाच्या चाचणीत प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचे पूर्वरूप) आणि इंटरल्यूकिन-१० घेऊन गेला. अस्तर दुरुस्तीचा मूळ बेत या वाटेवरून बाजूला पडला.

कुठे वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट मात्रेची. जिवाणू किती गिळला हे ठाऊक होते. शौचात किती जिवंत निघाला हेही ठाऊक होते. मधल्या टप्प्यात व्रणाजवळ किती प्रथिन तयार झाले आणि त्यातले किती श्लेष्मा ओलांडून पेशींपर्यंत पोहोचले, हा आकडा या सगळ्या प्रवासाचा कणा असायला हवा होता. उंदराचे आतडे आखूड आणि त्याच्या पोटात गेलेली मात्रा शरीराच्या मानाने मोठी. माणसाच्या मोठ्या आतड्याची लांबीच सुमारे दीड मीटर. त्यात लॅक्टोकॉकस हा पाहुणा. तो अस्तराला चिकटत नाही, बहुतेक वेळ पोकळीतल्या मळाबरोबरच वाहत राहतो. स्रवलेले इंटरल्यूकिन-१० पोकळीतल्या पाचकरसांच्या तावडीत सापडते. दुसऱ्या टप्प्याआधी मोजक्या रुग्णांच्या अस्तराचे तुकडे घेऊन त्यांत प्रथिनाचा परिणाम उमटला आहे का, हे पाहण्यासाठी एक वेगळी छोटी चाचणी करता आली असती. त्याला वेळ आणि पैसा लागला असता, पण फसलेल्या मोठ्या चाचणीइतका नाही.

दुसरी गोष्ट बंदोबस्ताच्या किमतीची. थायमिडीन तुटले की जिवाणू मरतो, आणि मरणारा जिवाणू प्रथिनही बनवत नाही. शरीराबाहेर हेच तर हवे आहे. आतड्यात मात्र थायमिडीन कुठे किती मिळते यावर औषधाची मात्रा ठरू लागते, आणि जळणाऱ्या, जुलाबाने धुऊन निघणाऱ्या आतड्यात तो पुरवठा निरोगी आतड्यासारखा असेलच असे नाही. पर्यावरणाचे कुंपण आणि औषधाची ताकद एकाच दोरीला बांधली गेली. दोन्ही एकत्र मोजायला हवी होती. बंदोबस्ताचे यश इतके देखणे होते की त्याच्या उजेडात हा प्रश्न मागे राहिला, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट प्रथिनाच्या निवडीची. दाह पेटलेला असताना एकट्या इंटरल्यूकिन-१० ने तो विझेल ही अपेक्षा सुईच्या चाचण्यांनी आधीच डळमळीत केली होती. पोहोचवण्याची पद्धत बदलली म्हणून प्रथिनाची मूळ मर्यादा जात नाही. याउलट, नेहमीच्या औषधांनी दाह उतरल्यावर, अस्तर अर्धवट भरलेले असताना ट्रेफॉइलचा जिवाणू देऊन पाहावा, असा प्रयोग मला जास्त सयुक्तिक वाटतो. ज्याच्या अस्तराची डागडुजी अपुरी राहते त्याला आजार पुन्हा उलटण्याचा धोका अधिक, हे आज बहुतेक पोटविकारतज्ज्ञ मानतात.

पण ट्रेफॉइलच्या बाजूने बोलताना एक पुरावा झाकता येत नाही. २००५ मध्ये शुद्ध ट्रेफॉइल-३ चा एनिमा कोलायटिसच्या रुग्णांना नेहमीच्या औषधाच्या जोडीला देऊन पाहिला गेला, आणि जादा फायदा आढळला नाही. चाचणी छोटी होती, रुग्णांचा आजार सक्रिय होता आणि एनिमा थोड्याच वेळात बाहेर पडतो. तरीही तो नकार आहेच. ट्रेफॉइलचा पक्ष घेणाऱ्याने त्याला उत्तर द्यायला हवे, आणि ते उत्तर एकच असू शकते: प्रथिन तिथे टिकवून दाखवणे.

टिकवण्याचाच प्रयत्न अमेरिकेतल्या हार्वर्डशी संलग्न एका गटाने २०१९ मध्ये मांडला. त्यांचा जिवाणू ई. कोलाय निस्ले १९१७. पहिल्या महायुद्धात साथ पसरली असताना एका सैनिकाला आमांश झाला नाही, त्याच्या शौचातून एका जर्मन डॉक्टरने वेगळा काढलेला हा वाण. जर्मनीत तो वर्षानुवर्षे औषध म्हणून विकला जातो, आणि कोलायटिस शमल्यावर तो शमलेला राखण्यात तो मेसालाझिन या कोलायटिसच्या नेहमीच्या औषधाच्या तोडीस तोड ठरल्याचे २००४ च्या ३२७ रुग्णांच्या चाचणीत दिसले होते. या गटाने ट्रेफॉइल-३ मोकळे सोडलेच नाही. जिवाणू आपल्याभोवती कर्ली नावाचे चिवट तंतू विणतो, त्या तंतूंच्या प्रथिनालाच त्यांनी ट्रेफॉइल जोडले. त्यामुळे प्रथिन वाहून जात नाही, जाळ्यात अडकून व्रणाच्या आसपास राहते. कोलायटिस केलेल्या उंदरांत त्याने अस्तराचे संरक्षण झाले.

म्हणजे घेंटच्या वाहकाची जी उणीव होती तिच्यावरच इथे बोट ठेवले आहे. पण इथे बंदोबस्ताचा प्रश्न नव्या रूपात येतो. निस्ले लॅक्टोकॉकसपेक्षा जास्त दिवस आतड्यात राहू शकतो. शिवाय त्याच्याकडे कोलिबॅक्टिन बनवणाऱ्या जनुकांचा संच आहे. हे रसायन पेशींच्या डीएनएला इजा करते, आणि त्याने उमटणाऱ्या उत्परिवर्तनांचे ठसे मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत २०२० मध्ये ओळखले गेले. ज्यांचे आतडे आधीच वर्षानुवर्षे दाहात आहे आणि म्हणून ज्यांना कर्करोगाचा धोका जास्त आहे, अशाच रुग्णांना हा वाण द्यायचा आहे. तो संच काढून टाकलेला वाण वापरणे हा सरळ उपाय दिसतो. पण निस्लेचे काही चांगले गुण त्याच संचातल्या एका जनुकावर अवलंबून असल्याचे उंदरांत दिसले आहे. तेव्हा आधी तो गुंता सोडवायला हवा.

आपल्याकडे असा जिवाणू माणसांवर वापरायचा प्रस्ताव आला, तर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय बदलांची तपासणी करणाऱ्या समित्या आणि औषध नियंत्रक अशा दोन्ही दारांतून त्याला जावे लागेल. पुण्या-मुंबईत कोलायटिसचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना ‘जनुक बदललेले प्रोबायोटिक मिळते का हो?’ असा प्रश्न आता विचारला जाऊ लागला आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या प्रोबायोटिकच्या पुड्या म्हणजे हे जिवाणू नव्हेत. त्यांच्या भरवशावर चालू गोळ्या बंद केल्या तर आजार उलटतो. अस्तर दुरुस्त करणारा जनुक-बदललेला जिवाणू अजून कुठल्याही रुग्णाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. ज्या दिवशी तो चाचणीसाठी येईल, त्या दिवशी रुग्णाने आणि डॉक्टरनेही आधी विचारावे ते हेच: प्लासिबोचा गट आहे का, आणि व्रणाजवळ प्रथिन किती पोहोचते हे माणसात मोजले आहे का.